माझुर्का वॉल्ट्झसारखा का वाजतो? पियानोवरचे पोलिश नाच

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पोलिश संगीतकार शोपाँचा बी फ्लॅट मेजरमधला माझुर्का (ऑपस ७, क्रमांक १; ऑपस म्हणजे कृतीचा क्रमांक) बसवला आहे, स्वर चोख आहेत, मेट्रोनोमला धरून वाजतो, तरी परीक्षकांनी शेऱ्यात ‘वॉल्ट्झसारखा वाटतो’ असं लिहिलं. माझुर्का, पोलोनेझ, क्राकोव्याक यांच्यात नेमका फरक काय, आणि पोलिश नाच न शिकता हे हातात येतं का, हेही तुम्ही विचारलं आहे.

तुमचं वाजवणं मी ऐकलेलं नाही, पण ‘मेट्रोनोमला धरून’ हे वाचलं तेव्हाच शेरा बरोबर असणार असं वाटलं. तिन्ही मात्रा सारख्या लांबीच्या आणि पहिलीवर थोडा भार, असं वाजवलं की माझुर्काचा वॉल्ट्झ होतोच. त्यासाठी चुकीचा स्वर लागावा लागत नाही.

दोन्ही नाच तीन मात्रांचे. कागदावर डावा हातही पुष्कळदा सारखाच दिसतो: पहिल्या मात्रेला खालचा बास, पुढच्या दोनांना वरचे कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वर. फसगत इथंच होते. वॉल्ट्झमध्ये जोडी एकमेकांना धरून सतत फिरत असते, अंगाचा भार बारच्या, म्हणजे तीन मात्रांच्या एका घेराच्या, पहिल्या मात्रेवर पडतो आणि उरलेल्या दोन मात्रा ती गिरकी पुढं नेतात. माझुर्कात पहिली मात्रा बहुतेक वेळा फोडलेली असते. तिचे दोन तुकडे, त्यातला पहिला अनेकदा लांब आणि दुसरा आखूड. त्यानंतर दोन पूर्ण मात्रा. बोलात म्हणायचं तर ‘तिट धा धा’. पहिली मात्रा अशी तुटली की वजन तिथं थांबत नाही, पुढं सरकतं आणि दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या मात्रेवर बसतं. आपल्याकडच्या मुलांना तर आणखी एक अडचण असते. दादरा लहानपणापासून कानात बसलेला असतो, त्यामुळं तीन-तीनचं काही दिसलं की सम आपोआप पहिल्या मात्रेवर येते. शोपाँ नेमकी तीच सवय मोडायला सांगतो.

‘माझुर्कात दुसऱ्या मात्रेवर जोर द्यायचा’ हा नियम तुम्हाला कुणीतरी सांगितला असेलच. तो अर्धा खरा आहे आणि अर्धा धोक्याचा. दर बारला दुसऱ्या मात्रेवर ठोका मारला तर उचकी लागल्यासारखा ठेका होतो. शोपाँनं आघाताच्या खुणा कुठं लिहिल्या आहेत ते एकदा पेन्सिल घेऊन बघा. कधी दुसऱ्या मात्रेवर, कधी तिसऱ्या, मध्येच दोन-चार बार एकही नाही, आणि कधी सरळ पहिल्यावर. जोर फिरता आहे. तो कुठं जाईल हे एकेका बारवरून ठरत नाही, पूर्ण वाक्य कुठं चाललंय त्यावरून ठरतं. आणि ते समजायला या एका नावाखाली कोणते नाच दडलेत हे माहीत असावं लागतं.

ते मुख्यतः तीन. माझूर हा माझोव्शेचा, म्हणजे वॉर्साभोवतालच्या सपाट प्रदेशाचा. गावातून तो जमीनदारांच्या दिवाणखान्यात गेला. चाल जलद, ऐट मोठी, टाचा एकमेकींवर आपटणं, पाय ठोकणं. त्यात पळता पळता मध्येच थबकल्यासारखं होतं, आणि तो थबका बारच्या कुठल्याही मात्रेवर येऊ शकतो. कुयाव्याक हा माझोव्शेच्या वायव्येला असलेल्या कुयावी भागातला. संथ, डुलता, बऱ्याचदा मायनर सुरांतला, वाक्य लांब ओढणारा. त्यात वजन वाक्याच्या शेवटाकडं साठत जातं. तिसरा ओबेरेक: सगळ्यांत जलद, गरगर फिरणारा, उड्यांचा. इथं दोन बारांचा मिळून एक हेलकावा होतो आणि दुसऱ्या बारच्या शेवटाला धक्का बसतो. शोपाँनं या तिन्हींना ‘माझुर्का’ म्हटलं आणि पुष्कळदा एकाच तुकड्यात दोन-तीन एकत्र गुंफले. म्हणून नवा माझुर्का हातात घेतला की माझ्या वर्गात आधी पानावर ‘मा’, ‘कु’, ‘ओ’ अशी अक्षरं लिहायची असतात. हे काही शास्त्र नाही. कुणी एखाद्या ओळीवर ‘मा’ लिहील, कुणी ‘ओ’. पण ते ठरवण्यासाठी ओळ चार वेळा गाऊन बघावी लागते, आणि फायदा त्या गाण्यात असतो.

उदाहरणं हवी असतील तर ऑपस ६८ मधला दुसरा, ए मायनरचा, हा जवळजवळ निखळ कुयाव्याक आहे. त्यावर ‘लेंतो’, म्हणजे संथ, असं लिहिलंय आणि ते खरंच तसं घ्यावं. ऑपस २४ मधला दुसरा, सी मेजरचा, ओबेरेककडं झुकतो. तुमचा ऑपस ७ चा पहिला मुख्यतः माझूर आहे, पण मधल्या भागात तो अचानक गावात शिरतो. त्या भागाकडं जाण्याआधी शोपाँ स्वतः गावात कसा पोचला ते सांगते.

फ्रेडरिक शोपाँ १८१० मध्ये वॉर्साजवळच्या झेलाझोव्हा व्होलात जन्मला, पण वाढला शहरात. आई पोलिश, वडील मूळचे फ्रान्सचे. १८२४ आणि १८२५ चे उन्हाळे त्यानं शाफार्न्या नावाच्या गावी, शाळेतल्या मित्राच्या घरी काढले. तिथून घरी पाठवलेली पत्रं वर्तमानपत्राची नक्कल करून, बातम्यांच्या थाटात लिहिलेली आहेत, आणि त्यांत गावातल्या गाण्या-वाजवण्याच्या हकिकती येतात. १८२५ च्या सुगीच्या सणाबद्दल तो लिहितो की एकच तार उरलेली जुनी बेसेटला, म्हणजे चेलोसारखं गावठी वाद्य, हातात घेऊन आपण ती जोरात घासत बसलो. पंधरा वर्षांचा शहरी मुलगा, एका तारेवर एकच स्वर धरून बसलाय आणि वर कुणीतरी फिडल वाजवतंय, असं ते चित्र आहे. त्या भागातल्या गावठी वाजंत्र्यांची रचनाच तशी होती. फिडल वर नाचते आणि खालचा बास मोकळ्या तारा नुसत्या घासत राहतो, वर सूर बदलला तरी खाली फिकीर नसते. पश्चिमेकडच्या प्रांतांत हेच काम दुदी, म्हणजे पोलिश मशकबाजा, करतो.

आता ऑपस ७ क्रमांक १ चा मधला भाग उघडा, जिथं ‘सोत्तो व्होचे’, म्हणजे दबक्या आवाजात, असं लिहिलंय. डाव्या हातात जी फ्लॅट आणि डी फ्लॅटची पोकळ पंचमाची जोडी धरलेली आहे आणि ती हलत नाही. वर उजव्या हातात ई नॅचरल येतो, मोठ्या विचित्र उड्या येतात, आणि दोन्ही हात एकमेकांशी भांडल्यासारखे वाटतात. बहुतेक विद्यार्थी इथं घाबरून पेडल (स्वर लांबवणारी पायाची पट्टी) सारखा बदलतात, कारण सगळं गढूळ होतं. बदलू नका. शोपाँनं पेडल लांब धरायला सांगितलाय, तो गढूळपणा हवाच आहे. तो मशकबाजा आहे, दुरून येणारा. डावा हात इतका हलका ठेवा की त्यातला एकेक ठोका मोजता येऊ नये, नुसता गुंजत राहावा. उजवा हात मात्र स्पष्ट हवा आणि इथं अजिबात लाडिक होऊ द्यायचा नाही. नुकतीच दिवाणखान्यातली ऐट चालली होती, ती इथं मावळायला हवी. मग मुख्य सूर परत येतो तेव्हा त्याचा भपका खरा वाटतो. माझ्या मते परीक्षकाला माझुर्का ऐकू येतो की वॉल्ट्झ, हे या थोड्या बारांत ठरतं.

याच घरगुती आवाजाचा दुसरा भाग म्हणजे चढा चौथा स्वर, आपल्या तीव्र मध्यमासारखा. ऑपस २४ क्रमांक २ मध्ये एका भागात सूर एफवर टेकलेला असतो, पण बी फ्लॅट येतच नाही. सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांवर, तीव्र मध्यम घेऊन, ती ओळ फिरत राहते. ऑपस ६८ क्रमांक ३ च्या मधल्या भागात हेच आणखी उघडं आहे: खाली पोकळ पंचम स्थिर, वर चढा चौथा. मला वाटतं शोपाँचे माझुर्का शिकायला सुरुवात इथून करावी. हाताला अवघड काही नाही आणि गावचं वादन समोर उघडं दिसतं. लोकगीत जसंच्या तसं उचलून माझुर्कात घालणं शोपाँनं फारसं केलेलं नाही. त्यानं गावाचा सूर, अडखळ आणि घासणारा बास घेतला आणि त्यावर स्वतःचं लिहिलं. त्यामुळं एकेका माझुर्कामागचं ‘मूळ गाणं’ शोधत बसण्यात अर्थ नाही.

आता सगळ्यांत कठीण गोष्ट: मात्रांची लांबी. तुम्ही मेट्रोनोम लावून बसलात म्हणून दोन हकिकती सांगते. चार्ल्स हॅले, ज्यानं पुढं मँचेस्टरचा प्रसिद्ध वाद्यवृंद उभा केला, तो तरुणपणी पॅरिसमध्ये शोपाँला ऐकायचा. त्यानं एकदा धीर करून म्हटलं, तुमचे माझुर्का तीनऐवजी चारात वाजतात, कारण पहिल्या मात्रेवर तुम्ही फार रेंगाळता. शोपाँनं ते साफ नाकारलं. मग हॅलेनं त्याला वाजवायला लावलं आणि मोठ्यानं चार मोजले. ते बरोबर बसले. शोपाँ हसला आणि म्हणाला की हा त्या नाचाचा राष्ट्रीय स्वभावच आहे. दुसरी हकिकत ऑपेरांचा संगीतकार मायरबेअरची. तो एका धड्याच्या वेळी आला आणि ऑपस ३३ मधला सी मेजरचा माझुर्का दोन मात्रांचा आहे म्हणून हटून बसला. या वेळी शोपाँ हसला नाही, भडकला. पायानं ताल देत, मोठ्यानं तीन मोजत त्यानं तोच तुकडा पुन्हा वाजवला. मायरबेअरचं मत तरीही बदललं नाही.

दोघं अनुभवी संगीतकार, कान तयार, आणि एकाला चार ऐकू आले, दुसऱ्याला दोन. म्हणजे मात्रा समान नव्हत्या हे तर नक्की. पण शोपाँ स्वतः तीनच मोजत होता, हेही तेवढंच खरं. या दोन्ही गोष्टी एकत्र धरा. मात्रांची लांबी बदलते पण बारचा घेर मोडत नाही. आतली वाटणी वेगळी होते, एवढंच. कुयाव्याकच्या ओळीत एखादी मात्रा ताणली की दुसरीनं तेवढी जागा सोडायची असते. जोडीनं नाचणारा माणूस एका पावलावर रेंगाळला तर पुढचं पाऊल झटकन टाकतो, नाहीतर बाकीचे लोक त्याच्यावर आदळतील. ‘डावा हात म्हणजे वाद्यवृंदाचा संचालक, तो ढळू द्यायचा नाही’ हे शोपाँच्या नावानं नेहमी सांगितलं जातं. नॉक्टर्नसाठी, म्हणजे त्याच्या संथ, गाण्यासारख्या तुकड्यांसाठी, ते सोन्यासारखं आहे. माझुर्कासाठी मी ते तितकं काटेकोर धरत नाही, कारण इथं ताण डाव्या हातातच असतो. उजव्या हातानं रुबातो, म्हणजे लय मुद्दाम मागं-पुढं, करायचा आणि खाली डावा हात घड्याळासारखा चालवायचा, असं केलं की पुन्हा वॉल्ट्झच हाताला लागतो, फक्त भावुक वॉल्ट्झ.

मग हे बसवायचं कसं? पियानोपासून उठा. ओळ गुणगुणत खोलीभर चाला, दर मात्रेला एक पाऊल. पहिलं पाऊल लांब घसरतं टाका, दुसऱ्यावर टाच जमिनीवर वाजू द्या. मग तीच ओळ पुन्हा, आता टाच तिसऱ्यावर. मग ओळीतल्या प्रत्येक आघाताच्या खुणेवर, ती जिथं असेल तिथं. चालताना आपोआप कळतं की टाच आपटायच्या आधी शरीर किंचित वर उचललं जातं आणि त्याला वेळ लागतो. तो वेळ म्हणजेच हवा असलेला ताण. पियानोवर परत आलात की दुसरी मात्रा जोरात मारायची गरजच उरत नाही. तिच्या आधी हात जरा वर उचलला गेला की ती आपोआप वजनदार वाटते. दोन हातांनी वाजवण्याआधी नुसता डावा हात असा वाजवा. नुसत्या डाव्या हातावरून हा माझुर्का आहे हे ओळखू आलं, तरच उजवा जोडा. मेट्रोनोम हवाच असेल तर तो बारला एक ठोका एवढ्यावरच लावा. आतल्या मात्रा त्याला मोजू देऊ नका.

पोलोनेझ मात्र अगदी वेगळ्या घरातला. तोही तीन मात्रांचाच, पण तो चालण्याचा नाच. गावात लग्नाकार्यांत ‘खोद्झोनी’ नावाचा चालत जायचा नाच असे. तो सरदारांच्या वाड्यांत गेला, भारदस्त झाला आणि पोलोनेझ म्हणून युरोपभर पसरला. जोड्या एकामागं एक लावून संथ मिरवणुकीसारखं चालायचं, तिसऱ्या मात्रेच्या सुमारास गुडघा किंचित वाकवायचा. शोपाँच्या कितीतरी आधीपासून जर्मन संगीतकार पोलोनेझ लिहीत होते: योहान सेबास्टियान बाखच्या सहाव्या फ्रेंच सुइटमध्ये एक आहे, त्याचा मुलगा विल्हेल्म फ्रीडमान बाख यानं तर बारा लिहिले. टेलेमान तरुणपणी क्राकोवच्या बाजूला राहून तिथल्या खानावळींतल्या संगीतानं वेडावला होता. बेथोव्हेनचाही पियानोसाठी एक आहे, ऑपस ८९. हे सगळे ऐकायला छान, पण बरेचसे सभ्य पाहुण्यासारखे.

पोलंडमध्ये मात्र या नाचाला वेगळा भार आला. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन फाळण्यांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियानं देश वाटून घेतला आणि १९१८ पर्यंत पोलंड नकाशावर नव्हता. मिहाऊ क्लेओफास ओगिन्स्कीचा ए मायनरमधला ‘मायभूमीचा निरोप’ हा पोलोनेझ पोलंडमध्ये आजही लहानथोरांना ठाऊक असतो. शोपाँ १८३० च्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला वॉर्सा सोडून गेला. त्याच महिन्याच्या अखेरीस रशियाविरुद्ध उठाव झाला आणि तो परत मायदेशी गेलाच नाही. त्याचे माझुर्का साधे दिसतात, पण फुलांत लपवलेल्या तोफा आहेत, अशा अर्थाचं जर्मन संगीतकार शुमान लिहून गेला तो याच संदर्भात. पोलंडचं राष्ट्रगीतदेखील माझुर्का आहे: १७९७ मध्ये इटलीत पोलिश सैनिकांसाठी युझेफ व्हिबित्स्कीनं शब्द लिहिले, १९२७ मध्ये ते अधिकृत झालं. दुसऱ्या महायुद्धात आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले होते. माझुर्काची ती लय त्या माळावरही कितीदा तरी घुमली असणार.

पोलोनेझचा ठेका ओळखायला सोपा: एक अर्धी मात्रा, मग दोन पाव, मग चार अर्ध्या. ‘धा तिट धा धा धा धा’. आणि वाक्याचा शेवट पहिल्या मात्रेवर न येता पुढच्या मात्रेवर येतो, मिरवणूक थांबताना शेवटी जरा झुकून नमस्कार केल्यासारखा. ऑपस ४० चा पहिला, ए मेजरचा, ‘मिलिटरी’ म्हणून ओळखला जातो. त्यात हे सगळं उघड्यावर आहे. विद्यार्थी त्यात ‘तिट’ घाईनं उरकतात आणि ठेका कवायतीसारखा होतो. ते दोन छोटे स्वर बोटांनी झटकू नका, पुढच्या ‘धा’त वजन घेऊन उतरू द्या. ए फ्लॅटचा ऑपस ५३ तर वेगाच्या स्पर्धेचा बळी आहे. मधल्या भागात डाव्या हातात सलग उतरणारे अष्टक (एकच स्वर दोन सप्तकांत एकदम) आहेत, ते कोण जास्त वेगानं वाजवतं यावर लोक टाळ्या देतात. हॅलेच्याच आठवणींत आहे की हा पोलोनेझ कुणीतरी घाईनं वाजवलेला ऐकून शोपाँ फार कष्टी झाला होता. त्यातला सगळा दिमाखच त्यामुळं मातीत जातो असं त्याचं म्हणणं. तो वाजवताना डोळ्यांसमोर पळणारे घोडे आणू नका. जड पोशाखातली, संथ चालणारी माणसं आणा.

माझुर्का आणि पोलोनेझ यांतला फरक एकाच बैठकीत ऐकायचा असेल तर ऑपस ४४ घ्या, एफ शार्प मायनर, १८४१. सुरुवातीला काळाकुट्ट पोलोनेझ, मग एकच आकृती हटवादीपणानं घोटत राहणारा एक भाग, आणि मग शोपाँ सरळ लिहितो की आता माझुर्काच्या लयीत. भोवती ढोल-नगारे आणि आत एक शांत घरगुती ओळ. हातात आत्ताच घेऊ नका, खूप वरच्या पातळीचा आहे. पण ऐका आणि लय बदलते तिथं पायाला काय होतं ते बघा. पुढं १८४६ च्या पोलोनेझ-फँतेझीत ठेका इतका विरळ होतो की तो आहे की नाही असा प्रश्न पडावा. मला तो सगळ्या पोलोनेझांत जास्त आवडतो, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथं नाही.

क्राकोव्याक थोडक्यात. क्राकोव परिसरातला, दोन मात्रांचा, चपळ, आणि त्याची खूण म्हणजे उलटा जोर: अर्धी मात्रा, पूर्ण मात्रा, पुन्हा अर्धी. ‘ता धाऽ ता’. शोपाँच्या ई मायनर कॉन्चेर्तोचा (पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या कृतीचा) शेवटचा भाग क्राकोव्याक आहे, आणि १८२८ च्या सुमाराचा ‘रोंदो आ ला क्राकोव्याक’, ऑपस १४, तर नावासकट. एफ मायनर कॉन्चेर्तोचा शेवट मात्र तीन मात्रांचा आहे आणि एका ठिकाणी व्हायोलिनवाले गजाच्या लाकडानं तारा बडवतात, गावातल्या वाजंत्रीचा भास व्हावा म्हणून. नवशिक्यांना क्राकोव्याक लवकर जमतो, कारण त्यात लांबी-आखूडीचा छुपा खेळ नाही. जे लिहिलंय ते ठामपणे वाजवलं की झालं.

शोपाँनंतरही हे थांबलं नाही. स्क्रियाबिननं ऑपस ३ मध्ये दहा माझुर्का लिहिले, सुंदर आणि जरा अतिमृदू. कारोल शिमानोव्हस्कीनं १९२४-२५ मध्ये ऑपस ५० चे वीस लिहिले. तो तात्रा डोंगरांतल्या झाकोपानेत राहायचा. तिथल्या डोंगरी लोकांचं वादन दोन मात्रांचं, पण त्यानं त्याचा करकरीत सूर, तो चढा चौथा स्वर आणि पोकळ पंचम, तीन मात्रांच्या माझुर्कात आणला. शुद्ध लोकसंगीताच्या दृष्टीनं ही भेसळच. ऐकायला मात्र जबरदस्त. ग्राझिना बात्सेविचच्या १९५३ च्या दुसऱ्या सोनाटाचा शेवट ओबेरेकच्या गरगरीत पळतो. बोटं तयार असतील तर तो एकदा डोळ्यांखालून घाला.

नाच शिकायलाच हवा का, पोलिश असायलाच हवं का? नाही. वॉर्साच्या शोपाँ स्पर्धेत माझुर्कांसाठी वेगळं पारितोषिक असतं, यावरून पोलिश लोक त्याकडं किती वेगळं बघतात ते कळतं. १९५५ मध्ये ते चीनमध्ये वाढलेल्या फू त्सोंगला मिळालं आणि १९६५ मध्ये अर्जेंटिनाच्या मार्था आर्गेरिचला. रक्ताचा संबंध नाही, कानाचा आहे. पण पोलोनेझ नाचणाऱ्यांना एकदा तरी बघाच. पोलंडमध्ये शालान्त परीक्षेच्या शंभरेक दिवस आधी मुलामुलींचा नाच असतो, त्याची सुरुवात पोलोनेझनं होते. २०२३ मध्ये युनेस्कोनं हा नाच अमूर्त वारशाच्या यादीतही घेतला. त्याचे व्हिडिओ भरपूर आहेत. माझूर आणि ओबेरेकसाठी मात्र रंगमंचावरच्या झगमगीत मंडळींपेक्षा गावातल्या म्हाताऱ्या फिडलवाल्यांची ध्वनिमुद्रणं शोधा. मंचावर सगळं चौकटीत बसवलेलं असतं; फिडलवाल्याच्या हाती मात्रा खरोखर लांब-आखूड होताना ऐकू येतात.

पियानोवाल्यांत आधी इग्नाट्स फ्रीडमान ऐका. तो क्राकोवलगतच्या पोद्गुर्झेत जन्मला. जुनी, खरखरीत ध्वनिमुद्रणं, काही ठिकाणी इतकी मोडतोड की छापील पान समोर ठेवून ऐकलं तर चक्रावायला होतं, पण पाऊल कुठं पडतंय ते इतकं स्पष्ट दुसरीकडं सापडणार नाही. त्यानंतर आर्तुर रुबिनस्टाइन, ज्यानं सगळे माझुर्का तीनदा ध्वनिमुद्रित केले. त्याच्या १९३८-३९ च्या मुद्रणात धार जास्त, १९६५-६६ च्या मुद्रणात संयम. फ्रीडमानची नक्कल करून परीक्षेला जाऊ नका. त्याच्याकडून धिटाई घ्या, मोजमाप रुबिनस्टाइनचं घ्या.

आणि तुमच्या तुकड्याचं लगेच करायचं काम. डावा हात एकटा, चालून, वर सांगितलं तसं. मग उजव्या हातातल्या आघाताच्या सगळ्या खुणांना पेन्सिलीनं गोल करा. जिथं खूण नाही तिथं स्वतःहून जोर घालू नका. फोडलेल्या पहिल्या मात्रेतला दुसरा छोटा स्वर पुढच्या मात्रेला चिकटवा, मागच्याला नाही. ‘सोत्तो व्होचे’चा भाग वेगळा काढून, एकच पेडल धरून, खोलीच्या दुसऱ्या टोकाला कुणाला तरी उभं करून वाजवा, त्याला डाव्या हाताचे ठोके मोजता आले तर अजून हलका करा. लय आत्ता वाजवता त्यापेक्षा थोडी उतरवा. ‘विवाचे’, म्हणजे चपळ, असं लिहिलंय हे खरं, पण टाच वाजायला जागा उरत नसेल तर तो वेग तुमच्या उपयोगाचा नाही. मग सोबत म्हणून ऑपस ६८ चे दुसरा आणि तिसरा घ्या, दोन्ही सोपे. ते बसले की ऑपस २४ चा दुसरा.